डाव्या हाताची मूठ

मी अन् मास्तरनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे परातीतली ज्वारी परत डब्यात भरली. त्यानं परात तिरपी धरली, मी डब्याचं तोंड लावलं. चार दाणे खाली सांडले, ते त्यानं एकेक करून बोटानं टिपले अन् फुंकर मारून डब्यात टाकले. चैत्र संपत आला होता. अकोल्याचं चैत्रातलं ऊन ज्यानं खाल्लं त्यालाच ठाऊक. टिनाच्या छपराखाली आम्ही दोघं घामानं निथळत होतो. शेजारच्या हॉटेलातून मी दोन चहा आणले, बशीत ओतून प्यालो.

"आखाजीले किती दिवस राह्यले बे?" त्यानं विचारलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.

"नऊ."

"होते मंग," असं म्हणून त्यानं बशी पालथी ठेवली.

मी उठून माझ्या दुकानात गेलो. एका बाईचं नरसाळं करायचं होतं, ते करत बसलो. दिवस कलायच्या आत मास्तर गेलेला होता.

माझी बायको यंदाच्या उन्हाळ्यात गेली. लोक येऊन बसतात, म्हणतात, बाबाजी, तिच्याबद्दल काही सांगा. मला ते जमत नाही. तिचं नाव काढलं की मी समोरच्यावरच खेकसतो. म्हणून मी मास्तरचं सांगतो. त्याचं सांगता येतं. त्याचं सांगताना ती मधे येतेच, तिला टाळून त्याचं सांगताच येत नाही. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा कुठं काय आधी अन् काय मागून, ते इकडचं तिकडं होईल. मास्तरला मी तोंडावर 'तुमी' म्हणत होतो अन् मागं 'तो'. आता तो मेला, मी मागचंच वापरतो.

मास्तर शाळेचा नव्हता. बडनेरा जंक्शनात घंट्या दुरुस्त करणारा होता. एका ठेसनातून दुसऱ्या ठेसनात विचारतात ना, गाडी सोडू का, लाइन मोकळी आहे का, ते सगळं घंटीच्या ठोक्यांवर चालायचं. त्या विजेच्या घंट्या. पंचवीस वर्षं त्यानं तेच केलं. पेन्शन झाल्यावर हा बिनलग्नाचा गडी अकोल्याला विधवा बहिणीकडं येऊन राहिला अन् माझ्या दुकानाला लागून टॉर्च दुरुस्तीचं खोपटं टाकलं. मी टिनाचे डबे, चिमण्या, नरसाळी करणारा. भिंत एकच, तीही टिनाची.

त्याला बोलायचा कंटाळा. गिऱ्हाईक आलं की मेजावर बोटाच्या पेरानं ठोके मारायचा. एक ठोका म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे होईल काम. पाच लागोपाठ मारले की समजावं, चालता हो. नवीन माणूस उभाच राहायचा. मी पलीकडून ओरडायचो, "अहो, उद्या या म्हणून राहिले ते!" एकदा एका पोलिसाला पाच ठोके मारले. मी सांगितलं, "साहेब, बसा म्हणतात." तो बसला. मास्तर माझ्याशी दिवसभर बोलला नाही, तसाही तो बोलत नव्हताच.

दुसरी खोड अशी की तो तिखट खात नव्हता. वऱ्हाडात राहून तिखट खायचं नाही! दुधात भाकर कुस्करून खायचा. बाजारातले लोक म्हणत, हा माणूस हाये का गोऱ्हा? त्याचं कारण मला वर्षभरानं कळलं. तो सेल जिभेनं पाहायचा. सेलाच्या दोन्ही टोकांना तारेचे तुकडे लावायचे अन् ती टोकं जिभेवर धरायची. "हा ताजा. हा शिळा. ह्याच्यात अर्धा जीव हाये." मीटर होता त्याच्याकडं, पण म्हणायचा मीटर खोटं बोलतो. अन् ठेच्यानं जीभ बधिर झाली तर धंदा बसला. म्हणून दूध-भाकर.

त्या खोडीपायी आम्ही अमरावतीला मार खाता खाता वाचलो. जर्मनची लढाई सुरू होती, चांगले सेल बाजारातून गायब. अमरावतीच्या एका दुकानात माल आला असं ऐकून आम्ही दोघं गाडीनं गेलो. दुकानदारानं बारा सेलांचं खोकं पुढं ठेवलं. मास्तरनं खिशातले तारेचे तुकडे काढले अन् एकेक सेल चाटायला सुरुवात केली. आठवा सेल चाटला तेव्हा दुकानदार भानावर आला.

"अरे ओ बुढे! सब जूठा कर दिया! कोण घेईल आता?"

"मीच घेतो," मास्तर म्हणाला, "पण हे दोन सोडून. हे दोन मेले."

"मेले का जिते, बारा ई उचल अन् नीघ!"

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून त्या दोन मेलेल्यांना पुन्हा पुन्हा चाटत होता. मी म्हटलं, "आता काहून?" तर म्हणे, "एखाद्या वेळी माही चूक असन." तसा माणूस होता. स्वतःचीच चूक शोधत बसणारा.

आता माझ्या घरचं सांगावं लागेल.

आमचं पहिलं लेकरू बाळंतपणातच गेलं. मागून बायकोला ताप भरला, एकवीस दिवस. ताप उतरला तो तिचा उजवा हात घेऊनच उतरला. खांद्यापासून खाली लोंबकळायचा. इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, हात चोळत राहा, हलवत राहा, रक्त खेळतं ठेवा. येईल तर येईल, नाही तर नाही. न्हावीण महिनाभर चोळायला आली. मग माझ्या बुढीनं, म्हणजे माझ्या मायनं, तिला बंद केलं. म्हणाली, "मेल्या लाकडाले तेल पाजून काय हिरवं होते का?"

बुढी वाईट नव्हती. तिचं एवढंच म्हणणं होतं की घरात भाकर थापायला हात पाहिजे अन् मांडीवर नातू पाहिजे. तिचे स्वतःचे हात सांध्यांतून धरले होते. भातकुलीला आमच्याच जातीतला एक माणूस होता, तीन पोरींचा बाप. थोरली पोरगी बुढीनं पाहून ठेवली. तेव्हा दोन बायका करायला आडकाठी नव्हती, पुष्कळ लोक करत होते. बुढी मला म्हणाली, "आखाजीपर्यंत वाट पायतो. हात आला तं तिचं नशीब. नाही आला, तं आखाजीले तुले हळद."

मी काय बोललो? काही नाही. मान खाली घातली. हे मी आज चार लोकांपुढं कबूल करतो. 'नाही' म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं अन् 'हो' म्हणायचं मन नव्हतं. म्हणून मी ठरवलं की हातच बरा करायचा. हात बरा झाला की मला काही बोलावंच लागणार नाही.

रोज सकाळी दुकानात जायच्या आधी मी बायकोच्या उजव्या तळहातावर सुपारी ठेवायचो अन् म्हणायचो, "धर." ती सुपारीकडं पाहायची, मी तिच्या बोटांकडं पाहायचो. सुपारी घरंगळून खाली पडायची. दिवसभर डाग देताना, म्हणजे टिनाचे सांधे जोडताना, माझं ध्यान त्या सुपारीतच, दोन डबे गळके निघाले.

"तुमी रोज सुपारी काहून वाया घालवता?" ती म्हणायची. "भातकुलीवालीले द्या. बैठकीच्या कामी येईन."

तिला सगळं ठाऊक होतं. एका खोलीच्या घरात काय लपतं?

कुणी म्हणेल, न्हावीण बंद झाली तर नवऱ्यानं चोळावा हात. म्हणायला सोपं आहे. बुढी दिवसरात्र त्याच खोलीत. मायच्या डोळ्यांपुढं बायकोच्या आंगाला हात लावणं म्हणजे निर्लज्जपणा, अशी आमची रीत. मी तर तिच्याशी बोलायचो तेही भिंतीकडं तोंड करून.

त्याच सुमाराला एका जिनिंगवाल्या शेठची मालिशीची मशीन मास्तरकडं दुरुस्तीला आली. मुंबईहून आणलेली. हातात धरायचा काळा दांडा, पुढं रबरी गोंडा, मागं वायर. मास्तर ती दुरुस्त करून शेठच्या हवेलीत चालवून पाहायला गेला, मला ओझं उचलायला नेलं. खटका दाबला अन् गोंडा असा थरथरला की मी माझा दंड पुढं केला. हाडापर्यंत मुंग्या. मला वाटलं, हेच. देवानं हेच धाडलं.

"मास्तर, हे माह्या घरी चालन का?"

"तुह्या घरी वीज हाये?"

"चिमणी हाये."

त्यानं एक ठोका मारला, म्हणजे ऐकलं. चौथ्या दिवशी माझ्या मेजावर एक जुनी घंटी आणून ठेवली. "घंटी काय करते?" त्यानंच विचारलं, त्यानंच सांगितलं. "लोखंडाले ओढते, सोडते. ओढते, सोडते. ठोका भांड्यावर पडला तं आवाज. भांडं काढून टाक, ठोका आंगावर पडू दे, तं मालीश. अन् घंटी तं सेलावर चालते बे. मी जन्मभर मालिशीच्याच मशीनी दुरुस्त केल्या अन् मले पत्ता नाही!"

तो इतकं एकदम बोलला ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

टिनाचं आंग मी केलं, टॉर्चच्या नळीसारखं. पुढच्या डब्बीत घंटीचं पोट, म्हणजे तारेची गुंडाळी अन् तिच्यापुढची लोखंडी पट्टी, मागच्या नळीत एकामागं एक तीन सेल. ठोक्याच्या जागी बाभळीचं बटन, त्यावर चामडं. पहिल्या दिवशी चालवली तर नुसता खडखडाट, जसं पत्र्यावर शेंगदाणे ओतले. मास्तरनं परातीत ज्वारी पसरली, मशीन परातीच्या काठाला टेकवली अन् उकिडवा बसून पाहू लागला. ज्वारी एका बाजूला उड्या मारत होती, दुसऱ्या बाजूला मढ्यासारखी पडून होती. "लंगडी हाये," तो म्हणाला. मग रोज तेच. पट्टी घास, स्क्रू पीळ, ज्वारीवर पाहा. ज्या दिवशी सगळे दाणे सारखे नाचून परातीच्या मधोमध गोल झाले, त्या दिवशी त्यानं दुकानातल्या भिंतीवर इतके ठोके मारले की मला वाटलं कुणाशी भांडून राहिला.

मशीन बाईच्या हाताला जड होऊ नये, ह्याचं त्याला मोठं वेड. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना म्हणायचा, "बाई, हा पाण्याचा लोटा असा खांद्यावर धर. हात दुखला की सांग." बाया घाबरून पळायच्या. शेवटी बहिणीला बसवलं. तिनं मशीन धरून पाहिली, खांद्यावर फिरवली, काही बोट बीट भाजलं नाही, बरं वाटतं म्हणाली. मास्तरनं दोन ठोके मारले. होईल काम.

मी मशीन घरी नेली. आखाजीला महिना होता. मास्तर बाहेर ओट्यावर बसला, बुढी दारात तूर निवडत होती, बायको आतल्या बाजूला पदर ओढून. मी खटका दाबून मशीन तिच्या डाव्या हातात दिली. तिनं ती उजव्या दंडावर टेकवली. भुणभुण सुरू झाली. तिचा चेहरा बदलला.

"भुंगा हाये बाप्पा," ती म्हणाली, अन् हसली. लेकरू गेल्यापासून मी ते हसणं पाहिलं नव्हतं. दंडावरून कोपरापर्यंत तिनं भुंगा खाली आणला. डावा हात खाली आला तशा त्या हातातल्या पाटल्याही कोपरावरून घसरत मनगटावर आल्या अन् मशीनच्या मागच्या पितळी नटाला टेकल्या.

ती किंचाळली. मशीन तिच्या पायावर पडली. अंगठ्याचं नख फुटलं. बुढीनं तुरीचं सूप फेकलं अन् उभी राहिली.

"गेला तो हात गेला, आता उरलेला बी घेता का रे?"

मास्तर ओट्यावरून आत डोकावला, रीत विसरून. काय झालं ते त्याला पाटल्या पाहून लगेच उमजलं. गुंडाळीचं एक टोक त्या नटाला होतं, दुसरं टिनाच्या आंगाला. तळहात टिनावर, पाटली नटावर, ठोका सुटला की मधल्यामधे झटका. जीव घेणारा नाही, पण झटका तो झटका.

"पाटल्या काढून धरा," तो म्हणाला. "मंग नाही लागत."

बायकोनं पदर सारखा केला. "पाटल्या काढू? मंग कुकू बी पुसू का? माहा धनी समोर जिता उभा हाये."

बुढीनं पहिल्यांदाच सुनेच्या बाजूनं मान हलवली.

मास्तर मशीन उचलून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला अन् न बसता बोलला. "तू मले सांगतलं काहून नाही, का बाईच्या हातात पाटल्या असतात?"

"हे काय सांगाची गोष्ट हाये, मास्तर? जगाले ठाऊक हाये."

"माह्या घरी नाही न असत." तो खाली पाहत म्हणाला. "मी बहिणीच्या हातावर पाह्यलं. तिचे मनगट रिकामे. पेन्शनीपासून तेच रिकामे मनगट पाहून पाहून बाईचा हात असाच असते, असं बसलं डोक्यात." मग त्यानं स्वतःच्याच कपाळावर एक ठोका मारला. "चूक तिची नाही. मशीनची हाये. पाटल्या राह्यतीन, मशीन बदलन."

बाजारात लाखेच्या बांगड्या करणारी एक म्हातारी बसायची. लाखेतून वीज जात नाही. मास्तरनं अख्खी मशीन तिच्यापुढं ठेवली अन् म्हणाला, हिले लाख चढव. ती म्हातारी आयुष्यात इतकी कधी हसली नसेल. लाल लाखेत मढवलेली मशीन मी घरी आणली तर बायको म्हणाली, "मशीनीले बी बांगड्या भरल्या का? सौभाग्यवती झाली बिचारी."

झटका बंद झाला. ती रोज दुपारी चोळू लागली. मी रोज सकाळी सुपारी ठेवत होतो. करंगळी हलल्यासारखी वाटायची. हलली का? पुन्हा ठेवायचो. नाही हलली. मग कधी वाटायचं काल हलली होती ते खरं. मला झोप येईना. बुढी भातकुलीच्या निरोपाचं बोलायची, मी ताट सोडून उठायचो.

अन् ऊन वाढलं. एका दुपारी मी जेवायला घरी गेलो तर बायको मशीन मांडीवर घेऊन रडकुंडीला आलेली. मशीन चालून तापली, वरून चैत्राचं ऊन, लाख मऊ झाली अन् तिची बोटं त्यात रुतली. सोडवली तेव्हा बोटांचे खड्डे तसेच राहिले. "माह्यानं बिघडली," ती म्हणाली. "मास्तरले सांगू नका."

मी तशीच फडक्यात गुंडाळून पळत आलो. मास्तरनं फडकं सोडलं अन् त्या खड्ड्यांत आपली बोटं बसवून पाहिली. बसेनात. तो उजव्या हातानं धरत होता. मग डाव्या हातानं धरली. तरी बसेनात, तिची बोटं बारीक.

"आपण आतापर्यंत टॉर्च बनवला बे," तो म्हणाला. "गोल नळी. टॉर्च माणूस धरते कितीक वेळ? साप दिसला, दाबला, झालं. हे घंटाभर धराची वस्तू. अन् धरणारीचा उजवा हात मेलेला हाये, म्हणून धरते कोन्ता? डावा. हे पाह्य, तिचा अंगठा अथी येते. अन् आपण खटका ठेवला तथी, उजव्याच्या बाजूनं! बिचारी दर वेळी हनुवटीनं दाबत असन."

ती खरंच हनुवटीनं दाबायची. मी पाहिलं होतं अन् मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"मूठ तिनंच करून देल्ली," मास्तर म्हणाला. "आता ती पुसू नको."

मग नवीन आंग करायचं ठरलं. सेल एकामागं एक नाही, शेजारी शेजारी, म्हणजे लांबी कमी अन् वजन तळहातात. खटका डाव्या अंगठ्याखाली. वर लाख नाही, व्हार्निसात भिजवलेली कापडी पट्टी, उन्हात पाघळणार नाही अशी. टिनाला असले बाक देणं सोपं नसतं. वाळूच्या पोत्यावर ठेवून मी दोन अर्धी ठोकत होतो, अन् मास्तर समोर बसून लाखेचे खड्डे दोऱ्यानं मोजून मला सांगत होता. तेव्हाच तो बोलला.

"एक सांग. मशीन होयेपर्यंत तिचा हात कोण चोळते?"

"कोणीच नाही. ती लाखेची तं तुमच्याकडं हाये."

"अन् तू?"

"बुढी असते घरात."

"मंग?"

"लाज वाटते, मास्तर."

त्यानं दोरा खाली ठेवला. "हात तिचा गेला. तुह्या हातायले काय झालं बे?"

माझा हातोडा चुकीच्या जागी पडला. मी म्हटलं, "तुमी घंटीचं पाहा. माह्या घरचं पाहू नका." त्यानं दोरा उचलला अन् पुन्हा खड्डे मोजू लागला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी त्यानं घंटीचं पोट परातीवर चालवून पाहिलं, म्हणाला गुंडाळी फार तापते, जुनी तार काढून बारीक तारेनं पुन्हा गुंडाळतो. ज्वारी भरली, चहा प्यालो. तोच दिवस.

मी नरसाळं पुरं करून त्याला दाखवायला गेलो तेव्हा तो पोत्यावर बसल्या जागी भिंतीला टेकला होता. तारेचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं, तार ताणून धरायला. रीळ मांडीवर. मला वाटलं डोळा लागला. मी मेजावर एक ठोका मारला, गंमत म्हणून. मग दुसरा मारला. मग मी त्याच्या नाकाशी हात नेला.

सूर्य मावळायच्या आत त्याला नेलं. बहिणीला आम्ही दोघा-तिघांनी धरलं. ती एकच म्हणत होती, "त्यानं सकाळी दूध घेतलं नाही, त्यानं सकाळी दूध घेतलं नाही."

घाटावरून परत आलो ते मी त्याच्या खोपट्यात गेलो. अर्धी गुंडाळी रिळावर, अर्धी तार जमिनीवर केसांसारखी पसरलेली. किती फेरे झाले अन् किती राहिले, ते त्याच्या डोक्यात होतं. कागदावर तो कधी लिहीत नव्हता. टिनाची दोन अर्धी, डाव्या हाताची, रिकामी. मला टिन कळतं, घंटी कळत नाही. अकोल्यात ती कुणालाच कळत नव्हती. मी तिथं उभा राहिलो अन् मला खरं सांगायचं तर मास्तरचं रडू आलं नाही. मला आखाजीची भीती वाटली. आता मशीन होणार नाही. आता मलाच बोलावं लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली. सुपारी ठेवली नाही. बुढीला म्हटलं, भातकुलीला जाऊन येतो. तिला वाटलं, पोरगा मार्गाला लागला. तिनं घाईघाईनं नारळ दिला, वर चोळीचा खण दिला. बायको आत चुलीपाशी होती, डाव्या हातानं फुंकणी धरून. तिनं वळून पाहिलं नाही. मला तिला सांगायचं होतं, पण बुढी मधे उभी होती. मी तसाच निघालो. ते मला आजही डाचतं. त्या दिवसभर ती काय समजून बसली असेल?

बडनेऱ्यापर्यंत गाडी, पुढं एका सरकीच्या बैलगाडीवर, थोडा पायी. नारळ अन् खण बडनेऱ्याच्या फलाटावर एका बसलेल्या बाईला देऊन टाकला. वाटेत दोन वेळा वाटलं परत फिरावं. एका विहिरीवर तोंड धुतलं अन् पुढं चाललो.

पोरीचा बाप ओट्यावर दोर वळत होता. मला पाहून उठला, खाट टाकली, आतून पाणी मागवलं. "या, या, जावाई! असे अचानक?"

"जावाई म्हणू नका," मी म्हटलं. "मी 'नाही' म्हणायले आलो."

त्याच्या हातातला दोर तसाच राहिला. "काहून? तुमच्या बाईचा हात बरा झाला का?"

"नाही झाला."

"होईन असं हाये?"

"ठाऊक नाही. नाही बी होणार. तरी नाही."

"अवो, पण तुमची माय तं..."

"माय माही हाये. तिले मी सांगतो. तुमची पोरगी चांगल्या घरी द्या. दुसरीच्या जागेवर देऊ नका."

आतल्या दारात पोरीची माय उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. तिच्या मागं पदराचं एक टोक दिसलं अन् लगेच आत गेलं. बाप मोठ्यानं बोलू लागला. गावात तोंड दाखवायचं कसं, शब्दाला काही किंमत आहे का नाही. त्याचं बरोबर होतं. मी ऐकून घेतलं. शेवटी तो थकला अन् म्हणाला, "ते सोडा. पण बाईले हात नाही, बुढीचे हात धरले. तुमच्या घरी भाकर थापीन कोण?"

"मी."

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करून राहिलो. मी उठलो, त्याच्या बायकोसमोर जाऊन उभा राहिलो. परक्या बाईसमोर असं जाऊ नये हे मला ठाऊक होतं. पण एवढं बोलून झाल्यावर लाज उरली नव्हती.

"वयनी," मी म्हटलं, "ज्वारीचं पीठ थंड्या पाण्यात भिजवतात का गरम?"

ती नवऱ्याकडं पाहू लागली, मग माझ्याकडं. तांब्या तिनं खाली ठेवला.

"उकळतं पाणी पाह्यजे," ती म्हणाली. "नाही तं भाकर चिरते. आंधी हात धुवा."

मी हात धुतले अन् चुलीपाशी जाऊन बसलो.